धरण नसलेलं गाव

बजाजनगरात आमच्या गल्लीला आठवड्यातून एकदा नळाचं पाणी येतं. त्या दिवशी शेजारची विशाखा खालून हाक मारते, "करुणाताई, पाणी आलं," आणि मी ड्रमची झाकणं काढते. वाळूजच्या एका प्रयोगशाळेत दिवसभर पाण्याचेच नमुने तपासायचे आणि घरी येऊन पुन्हा पाणीच भरायचं. हल्ली याचा कंटाळाही येत नाही. कंटाळा यायलासुद्धा थोडी ताकद लागते.

सुटीच्या दिवशी मी विज्ञानकथा लिहिते. यंदा दिवाळी अंकाचे संपादक ऋतुराज यांनी विषय दिला होता : इतिहास वेगळा घडला असता, तर पुढचं जग कसं असतं? अशा कथेसाठी माझा एक नियम आहे. भूतकाळातली एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तिच्यामागून येऊ द्यायचं.

मी पैठणचं धरण काढून टाकलं.

आईचं गाव त्याच पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची होती. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. मी ते गाव शंभर वर्षं पुढं नेलं. नदीत उन्हावर चालणाऱ्या होड्या सोडल्या, काठावर संशोधन केंद्र उभं केलं, विहाराला निळं दार बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता आई म्हणाली, "विहाराचं दार निळं केलं म्हणं. चांगलं दिसतंय."

"कुठल्या विहाराचं?"

"आपल्या गावच्या. अजून कुठल्या?"

आईला वाचता येत नाही. मी लिहिताना पुटपुटते. तिनं ऐकलं असेल, असं मी धरून चालले.

मग तिच्या टाचांना काळी, चिकट माती दिसू लागली. आम्हाला अंगण नाही, आणि कुंड्यांत लाल माती आहे. चिमूटभर काळी माती मी प्रयोगशाळेत नेली. नदीचा गाळ होता. त्यात शिंपल्यांचा चुरा होता.

आई मात्र सुधारत होती. गुडघ्यांची तक्रार थांबली. ओट्याशी उभी राहून ती गुणगुणायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला असं पाहिलं नव्हतं. खरं तर त्याआधीही नाही.

"आज लई खुशीत आहेस," मी म्हणाले.

"पुंडलिक येणारंय न्यायला."

"कोण पुंडलिक?"

ती चक्क लाजली. "सुपारी फुटली व्हती आमची. मग धरण आलं. त्याच्या घरचे कुठंतरी गेले, आमी वैजापूरला. मोडलंच ते. तिथं तुझ्या बापाशी लावून दिलं." जरा थांबून म्हणाली, "आता धरणच नाय म्हणल्यावर मोडंल कशाला?"

नियम माझाच होता. धरण नाही, तर वैजापूर नाही. वैजापूर नाही, तर बाबा नाहीत. पुढची पायरी मी मनातसुद्धा उच्चारली नाही.

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. धरण बांधलं गेलं, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते लिहिलं की गाव पुन्हा बुडणार. आतल्या खोलीत आई हसत होती, कुणी समोर बसून बोलत असावं तशी. दिवसभर उभं राहून माझे पाय भरून आले होते. उद्या बघू, म्हणून मी लॅपटॉप मिटला.

सकाळी आईनं एकच कप चहा केला.

"आई, माझा?"

तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी आलंय का, ते बघतात तसं.

खालून विशाखाची हाक आली. "भामामावशी, पाणी आलं. येऊ का वर मदतीला?"

"नको गं. मला एकटीला किती लागतंय?"

आईनं नळ सोडला.

मी धारेखाली हात धरला. धार सरळ बादलीत पडत राहिली.