मी येते म्हण

मास्तर बॉबिनला बालवाडीतून आणायला गेले, तेव्हा ती मुलग्यांच्या रांगेत उभी होती. फ्रॉक घातलेला, उंदराच्या शेपटीएवढ्या दोन वेण्या, आणि उभी कशी, तर चांगली छाती काढून. बाईंनी हसू दाबत खुलासा केला. ही 'मी जातो, मी खातो' करते, म्हणजे ही मुलगाच, असं वर्गातल्या पोरांनी परस्पर ठरवलं आणि दिलं तिला पलीकडे ढकलून.

आता यात पोरीचा काय दोष? घरात माणसं तीन. बाप म्हणजे हे शिंपी मास्तर, पुढच्या खोलीत दुकान आणि मागे घर. आजोबा काजं करायचे, बटणं लावायचे, आणि जन्मभर मशीनच्या शेजारी बसून त्यांच्या कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. तिसरी ही साडेतीन वर्षांची. बॉबिन हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. दोऱ्याच्या बॉबिनसारखी गोल, गुटगुटीत आणि सारखी घरंगळत मशीनखाली जायची, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. आई ती आठ महिन्यांची असताना तापाने गेली. चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. मग पोरगी बोलायला शिकणार कोणाकडून? "मी पडलो", "मी जेवलो नाही", "मी दमलो रे बाबा" असं ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, आणि गिऱ्हाइकं पोट धरधरून हसायची.

मावशी तेवढी हसायची नाही. मावशी म्हणजे बॉबिनच्या आईची थोरली बहीण. महिन्यातून एका रविवारी बसने यायची, ओटा घासायची, पोरीला न्हाऊ घालायची आणि जाताना तोच विषय काढायची.

"मास्तर, शाळा सुरू होण्याआधी हिला मी घेऊन जाते. रागावू नका. तुम्ही दिवसभर मशीनवर, आजोबांना ऐकू येत नाही. या लेकराशी बोलतं कोण?"

मास्तरांना राग आलाच नाही, कारण ती खरं बोलत होती. तेच तर वाईट होतं. बॉबिन गेली की या घरात राहणार काय, दोन पुरुष आणि एक मशीन. त्यांनी कसाबसा एक महिना मागून घेतला. मावशी म्हणाली, "ठीक आहे. महिन्याने येते. चार माणसांसारखी बोलायला लागली असेल, तर पुन्हा हा विषय काढणार नाही."

दुसऱ्याच दिवशी शिकवणी सुरू झाली.

"म्हण, मी येते."

"तू येते."

"अगं मी नाही, तू. तू म्हण."

"तू म्हण."

"मी येते," मास्तर वैतागून म्हणाले.

बॉबिनने टाळ्या पिटल्या. "बाबा येते, बाबा येते."

मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण त्यातूनच त्यांना युक्ती सुचली. पोर ऐकून शिकते ना, मग ऐकवायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते स्वतःच तसं बोलायला लागले. "मी आता अस्तर कापते. मी दोरा ओवते. अगं बाई, सुई कुठे ठेवली मी?" पहिल्या दिवशी त्यांची त्यांनाच लाज वाटली. चौथ्या दिवशी जीभ अशी सैलावली की विचारू नका. एक पोटवाले ठेकेदार पँट शिवायला टाकायला आले, तर मास्तर पटकन म्हणून गेले, "बसा साहेब, मी टेप घेऊन येते." ठेकेदार दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "माप राहू दे. जुनी पँट पाठवून देतो."

पण गुण आला. बाराव्या दिवशी बॉबिन मोरीतून ओरडली, "बाबा, मी येते." मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी तिला खांद्यावर घेऊन दुकानभर नाचवलं आणि खेळ तिथेच थांबवला. ठेकेदार गेला तो गेला, आणखी गिऱ्हाइकं घालवण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी बॉबिन खेळता खेळता उठली, कापडाच्या गठ्ठ्यावर बसली आणि म्हणाली, "मी बाई जरा टेकते. पाठीचा पार काटा ढिला झाला."

मास्तरांच्या हातातली कात्री तशीच राहिली. ते तिची आई म्हणायची. रोज, संध्याकाळचं काम उरकल्यावर, अगदी याच शब्दांत. मास्तरांच्या तोंडून ते कधी निघालं नव्हतं. आजोबांनी ते कधी ऐकलंच नसेल. आणि बॉबिन तेव्हा पाळण्यात होती.

मग ते लक्ष ठेवायला लागले. गणवेशांचा हंगाम होता, मशीनला उसंत नव्हती. पायडल मारताना मास्तरांची नेहमीच तंद्री लागायची; खड खड खड, शिवण पुढे सरकते आहे, मन कुठेतरी लांब. त्या तंद्रीत त्यांना बॉबिनचं बोलणं अर्धवट कानावर यायचं. "हो, पुसते." "नाही गं, मी नाही सांडलं." मग खुदकन हसणं. मशीन थांबलं की पोरगी गप्प.

एकदा त्यांनी मुद्दाम मधेच पाय थांबवला.

"कोणाशी बोलतेस गं?"

बॉबिनने त्यांच्याकडे पाहिलं. हा काय प्रश्न झाला, अशा नजरेनं. "तुझ्याशी."

"मी कुठे काही बोललो?"

"आत्ता नाही," ती म्हणाली. "मशीन चालू होतं तेव्हा…"

भर दुपार, रस्त्यावर रहदारी, समोर आजोबा शांतपणे काज करत बसलेले. तरी मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी आजोबांना हातानेच विचारलं, मी बोलत होतो का? आजोबा म्हणाले, "ओठ हलत होते बुवा. मला वाटलं, गाणं म्हणतोयस."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शिवायला बसण्याआधी सात टाचण्या ओठांत घट्ट धरल्या. ही शिंप्याची सवयच असते आणि टाचण्या तोंडात असताना शिंपी हूं की चूं करू शकत नाही. पायडल सुरू झालं. एक बाही झाली, दुसरी झाली. बॉबिन मशीनखालून म्हणाली, "बरं, गोष्ट उद्या सांग हं."

मास्तर थांबले. ओठांत काही नव्हतं. मशीनशेजारी टाचण्या खोचायची छोटी गादी असायची, तिच्यावर त्या खोचलेल्या होत्या, सातही, एका गोल रिंगणात. मास्तर टाचण्या जागा दिसेल तिथे खुपसायचे. रिंगण बायको करायची. त्यांनी ते रिंगण कितीतरी वेळ पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना पहिल्यांदा भीती नाही वाटली, रडू आलं. भीती नंतर आली, आणि ती वेगळीच होती. हे मावशीला कळलं, तर बाप वेडा झाला म्हणून ती पोरीला उचलून नेईल. महिना भरायला दोनच दिवस उरले होते.

रविवारी मावशी आली. बॉबिन धावत जाऊन तिला बिलगली आणि म्हणाली, "मावशी, मी तुझी वाटच बघत होते." मावशीचा चेहरा उजळला. "कोणी शिकवलं हो हिला?"

"मीच," मास्तर म्हणाले, आणि ठेकेदाराची गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली की मावशी डोळे पुसेपर्यंत हसली. मग ती आत चहा ठेवायला गेली. एका गणवेशाची शिवण तेवढी राहिली होती. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. दोन मिनिटांचं काम, असं म्हणून मास्तर मशीनवर बसले.

त्यांनी शिवण संपवून मान वर केली, तर मावशी दारात उभी. हातात गाळणं, त्यातून चहा फरशीवर ठिबकत होता.

"काय झालं ताई?"

"तू आत्ता काय म्हणालीस?"

मावशी त्यांना कधी अरेतुरे करत नसे. मास्तर मशीनवरून उठले. "मी… काहीच नाही म्हणालो."

"तायडे, गाळणं लगेच धू, तसंच टाकू नकोस." मावशीने ऐकलेले शब्द खालच्या आवाजात पुन्हा म्हटले. "लग्नाआधी रोज भांडायची ती माझ्याशी यावरून. तायडे म्हणणारी तीच एक होती." मास्तरांना वाटलं ती किंचाळणार, तर ती रडता रडता चक्क हसली. "मेली अजून मोठ्या बहिणीला कामाला लावते आहे."

तिने गाळणं धुतलं. चहा झाला. जाताना तिने पोरीचा मुका घेतला आणि चपला घालत म्हणाली, "मी हिला नेत नाही, मास्तर. हिच्याशी बोलायला आहे कोणीतरी."

बस गेली. मास्तर परतले ते हलके होऊन. पोर राहिली, घर राहिलं, आणि जिच्यासाठी जवळजवळ तीन वर्षं जीव तुटत होता, तीही कुठे गेली नव्हती. त्यांनी बॉबिनला मांडीवर घेतलं.

"आता मी तुला गोष्ट सांगू?"

"नको," बॉबिन म्हणाली, पण लाडाने. "आईची अर्धी राहिलीय. तू मधेच आलास."

मास्तर हसले. हसता हसताच त्यांनी विचारलं, "मग आई गोष्ट सांगते, तेव्हा मी कुठे जातो गं?"

"तू कुठे जातोस? तू इथेच तर असतोस." तिने दाराजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तिथे उभा राहतोस, भिंतीला टेकून. बोलत नाहीस, नुसता बघतोस आमच्याकडे. आधी ती उभी राहायची ना, तसाच."

कोपऱ्यात काहीही नव्हतं. बॉबिन मांडीवरून घसरून मशीनखाली जाऊन बसली आणि तिथून वाट पाहत म्हणाली, "चालू कर ना, बाबा." मास्तरांनी बराच वेळ पाय आवरून धरला. मग त्यांनी तो पायडलवर ठेवला.