कान्होजीचा रोलर

दुर्गाबाई नया बाजारातला तो अंधारा जिना चढून वर आल्या तेव्हा नाना पोह्यांवर लिंबू पिळत होते. ते पोहे त्या दिवशी तसेच गार झाले.

"भाऊसाहेब," त्या दारातूनच म्हणाल्या, "मेलेला माणूस आपल्याच पोराचा घात करतो का हो?"

भालचंद्र मोघ्यांनी खुर्ची पुढे केली. हे गृहस्थ पूर्वी संस्थानच्या पोलीस दफ्तरात होते. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विरघळलं आणि त्यांची जागाही त्यात विरघळली. तेव्हापासून लोकांची कोडी सोडवणं हाच त्यांचा धंदा. नाना त्यांचे शेजारी, शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. नजर तीक्ष्ण, पण पाहिलेल्याचा अर्थ लावायची वेळ आली की त्यांची गाडी घाटात अडायची. त्यातून भुताखेतांवर श्रद्धा अढळ.

छप्पन साल सरत आलं होतं. महिन्यापूर्वी मध्यभारतही संपला होता, कचेऱ्यांची कपाटं भोपाळच्या वाटेला लागली होती आणि नव्या मध्यप्रदेशच्या क्रिकेट संघात ग्वाल्हेरचा एकच फलंदाज जायचा होता. त्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याच्या मैदानावर तीन रविवार एका दिवसाचे निवड सामने ठरले होते. दोन झाले होते, तिसरा उरला होता.

दुर्गाबाईंचा नवरा कान्होजी त्या मैदानाचा माळी. तीस वर्षं त्याने ती खेळपट्टी राखली आणि दिवाळीला दोन दिवस असताना रोलरच्या दांड्यावर हात ठेवूनच तो गेला. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या दौलतसिंहाला त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, बॅट धरायला शिकवलं होतं. दौलत आज ग्वाल्हेरचा सर्वांत चांगला फलंदाज होता.

"लोक म्हणतात, हेच पहाटे रोलर ओढतात," दुर्गाबाई सांगू लागल्या. "मी स्वतः आवाज ऐकला ना! दोन्ही रविवारी. कुईं, कुईं, असा. बाहेर आली तर धुक्यात कोणी नाही. दवावर रोलरचा पट्टा, आणि पाऊल एकसुद्धा नाही. त्याच दिवशी दौलतच्या समोर चेंडू जमिनीतून सरपटला. दोन्हीदा दांडी गेली. आता तो म्हणतो, काकी, बाबा मला खेळू नाही देत, मी रविवारी उतरणारच नाही. आणि सेक्रेटरी मुकुंदराव खेळपट्टीपाशी मांत्रिकाकडून खिळा ठोकवणार."

नानांचा हात आपोआप जानव्याकडे गेला.

"पोरगा उतरला नाही तर ह्यांची सारी मेहनत मातीत गेली," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "आणि हेच करत असतील, तर तेही मला सांगा. मी ऐकून घेईन."

भालचंद्रांनी काम घेतलं.

शुक्रवारी दोघे मैदानावर गेले. किल्ल्याची काळी भिंत वरून वाकून पाहत असल्यासारखी वाटत होती आणि भर दुपारीही नानांना तिथे गारठा जाणवला. खेळपट्टी म्हणजे ठोकून सपाट केलेली माती. सामन्याच्या दिवशी सकाळी आठला तिच्यावर काथ्याचं मॅटिंग ताणून खुंट्या मारायच्या, की झालं. कडेला दोन रोलर उभे होते. थोरल्याला चार माणसं लागत, धाकटा एकट्यानेही ओढता येई.

"दवावरचा पट्टा केवढा होता?" भालचंद्रांनी विचारलं.

दुर्गाबाईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं. जेमतेम दीड हात. "तिथल्या मुरमाच्या वाटेपासून खेळपट्टीपर्यंत आणि परत," त्या म्हणाल्या.

मैदानाचे सेक्रेटरी मुकुंदराव पॅव्हेलियनच्या चार पायऱ्या चढून आले आणि धाप लागून बाकावर बसले. दम्याने माणूस पार पोखरला होता. "मोघेसाहेब, हे भूतबाधेचं प्रकरण आहे," ते कसेबसे म्हणाले. "रविवारी खिळा ठोकू, म्हणजे सगळं शांत होईल."

"दौलत नाही खेळला तर जागा तुमच्या पुतण्याला मिळेल."

मुकुंदराव चिडले, त्यांना खोकल्याची उबळ आली आणि उत्तर खोकल्यातच राहिलं.

पुतण्या रमाकांत मात्र मोकळा पोरगा निघाला. "पहिल्या रविवारी मी इंदूरहून नऊच्या गाडीने उतरलो, सीधा मैदानावर. अख्खी टीम स्टेशनवर घ्यायला आली होती. आणि सच्ची सांगू? मला जागा अशी नकोय यार. दौलत माझ्याहून चांगला खेळतो, ये तो सब जानते हैं."

"सरपटता चेंडू तुला नाही आला?"

"एक आला होता. पायामागून निघून गेला, बस. दौलतशिवाय फक्त रेल्वेच्या त्या खेळाडूची दांडी गेली. तोही दौलतसारखाच डावखुरा."

दौलत स्वतः रोलरला टेकून बसला होता. बावीस वर्षांचा उंच पोरगा, पण डोळे रात्र रात्र जागल्यासारखे. डाव्या हाताने तो खडे उचलून भिरकावत होता.

"बाबा माझ्यावर नाराज होऊन गेले," तो म्हणाला. "जन्मभर त्यांनीच शिकवलं, मॅटिंगवर चेंडू उसळतो, मागे सरून खेळ. आणि शेवटच्या महिन्यात उलटंच, पुढे पाय टाक, पुढे पाय टाक. मी हसलो. म्हटलं, बाबा, आप ही ने तो सिखाया, आता म्हातारपणी बदलता? त्यांनी माझी बॅट फेकून दिली. दुसऱ्या दिवशी गेले." त्याने हातातला खडा खाली टाकला. "त्यांच्या जमिनीवर मी कोणत्या तोंडाने उतरू?"

शेवटी भेटले रघुनाथराव. संस्थानच्या काळातले नावाजलेले फलंदाज, आता साठीचे, आणि निवडीचा निर्णय त्यांच्या एकट्याच्या हाती. हातातली काठी बाजूला ठेवून त्यांनी वही उघडली. उजव्या तळव्याला फडक्याची पट्टी बांधलेली होती.

"हाताला काय झालं?" नानांनी आपुलकीने विचारलं.

"काठीने फोड आले. वय झालं, मास्तर."

वही पाहून नाना मात्र भूत विसरले. प्रत्येक सामन्याला एक पान, पानावर खेळपट्टीचा आराखडा आणि चेंडू जिथे जिथे पडला तिथे शाईचा बारीक ठिपका. त्यावरून कुठला फलंदाज कुठल्या टप्प्याला फसतो, हे क्षणात कळत होतं. किल्ल्याच्या बाजूच्या स्टंपांसमोर पेन्सिलीचा एक पुसट गोल होता, रुपयाएवढा. त्याच्यात तीन-चार ठिपके पडले होते.

"काय सुंदर हात आहे!" नाना नंतर टांग्यात म्हणाले. "पेन्सिलीच्या गोलावर शाईचा ठिपका किती स्वच्छ बसलाय, कुठे जरा फुटलेला नाही."

"गोलावर ठिपका? ठिपक्याभोवती गोल नाही?"

"चाळीस वर्षं ड्रॉइंग शिकवलंय मी. पेन्सिल खाली, शाई वर. दोन्ही पानांवर."

"नाना," भालचंद्र म्हणाले, "तुम्ही माणूस नाही, भिंग आहात." ही स्तुती की थट्टा, ते नानांना किला गेट येईपर्यंत उमगलं नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला दोघे मैदानाच्या कडेच्या दुर्गाबाईंच्या खोलीबाहेर उभे राहिले. धुकं इतकं दाट, की नानांना स्वतःची काठी दिसेना. वर किल्ला नव्हता, समोर मैदान नव्हतं. दुर्गाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.

आणि तो आवाज आला.

कुईं. मग थांबला. कुईं. ओल्या गवतावरून काहीतरी जड, सावकाश, त्यांच्याकडे न येता त्यांच्यासमोरून चाललं होतं. नानांना रामरक्षेची पहिली ओळ आठवेना. मध्येच आवाज बंद पडला आणि जमिनीवर काही खरवडल्यासारखं ऐकू आलं, बराच वेळ. नंतर पुन्हा कुईं, कुईं, दूर जात जात विरलं.

"तेच आहेत," दुर्गाबाई पुटपुटल्या. "असेच दम घेत ओढायचे."

"पकडा ना त्याला!" नाना कुजबुजले.

"कशाला? आठ वाजता तो आपण होऊन येणार आहे."

उजाडलं. दवावर दीड हाताचा चकचकीत पट्टा मुरमाच्या वाटेपासून खेळपट्टीपर्यंत गेला होता आणि तसाच परत आला होता. एकही पाऊल नव्हतं. नानांनी पट्टा ओलांडायचंही टाळलं, ते वळसा घालून गेले.

आठला मॅटिंग अंथरलं गेलं. मांत्रिक लोखंडी खिळा घेऊन हजर होता. भालचंद्रांनी त्याला बसवून ठेवलं, मुकुंदराव, रमाकांत, दौलत, रघुनाथराव आणि दुर्गाबाईंना खेळपट्टीजवळ बोलावलं आणि खिशातून चेंडू काढला.

"ऐका," ते म्हणाले, आणि मॅटिंगवर एकेक पाऊल टाकत चेंडू सोडत गेले. टक्. टक्. टक्. किल्ल्याच्या बाजूला स्टंपांच्या अलीकडे चेंडू पडला आणि आवाज आला, थप. चेंडू तिथेच बसला.

खुंट्या काढून मॅटिंग उलटलं तेव्हा खाली माती सपाटच दिसली. भालचंद्रांनी बोट घातलं आणि ते सरळ आत गेलं. वीतभर जागा खोदून तिथे भुसभुशीत माती आणि वाळू भरलेली होती.

"हे भुताचं काम नाही," ते म्हणाले. "शनिवारी संध्याकाळी पाणी मारून रोलर फिरतो, म्हणून हा खड्डा दर रविवारी पहाटे नव्याने करावा लागतो. पण दवावरून चालत गेलं तर पावलं दिसणार. मग धाकटा रोलर मागे ओढत जायचं. माणूस पुढे चालतो, मागून रोलर त्याची पावलं पुसत येतो. मुरमाच्या वाटेवर दवच नाही, तिथून घरी जायचं. नाना, आपण ज्याला भ्यालो तो नुसता झाडू होता."

नाना पट्ट्याकडे पाहत राहिले. आता तो पट्टा अगदी साधा दिसत होता आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"आता जागा पाहा. उजव्या फलंदाजाच्या ही पायामागे येते, तिथे चेंडू पडला तरी स्टंप वाचतात. डावखुऱ्याला मात्र बोलर स्टंपांच्या दुसऱ्या बाजूने टाकतो, तेव्हा इथे पडलेला चेंडू सरळ ऑफ स्टंपवर येतो. आणि पुढे पाय टाकणारा चेंडूला इथेच गाठेल. मागे सरणारा फसेल. म्हणजे ही जागा डावखुऱ्या, मागे खेळणाऱ्या फलंदाजासाठी मोजून काढलेली आहे. दौलतसाठी."

मुकुंदरावांचा चेहरा पडला. "लोक माझंच नाव घेतील."

"चार पायऱ्यांत तुम्हाला धाप लागते, तुम्ही रोलर ओढणार नाही. पहिल्या पहाटे रमाकांत गाडीत होता. उरला तो माणूस, ज्याला दौलतचे पाय बोटा-बोटाने ठाऊक आहेत. ज्याच्या तळव्याला रोलरच्या दांड्याने फोड आले आहेत. काठी तर तो नुसती मिरवतो, बोलताना बाजूला ठेवून उभा राहतो. आणि ज्याच्या वहीत त्या जागेचा गोल पहिला चेंडू पडायच्या आधीच काढलेला आहे. पेन्सिल खाली आणि शाई वर, हे नानांनी पाहिलं. रघुनाथराव, चेंडू कुठे सरपटणार हे तुम्हाला सामन्याआधीच कसं कळलं?"

रघुनाथरावांनी टोपी काढली. एवढा ताठ माणूस, पण क्षणात म्हातारा दिसू लागला.

"कान्होजीने सांगितलं म्हणून," ते म्हणाले.

दुर्गाबाईंनी दौलतचा दंड घट्ट धरला.

"ऑक्टोबरात तो माझ्याकडे आला. म्हणाला, सरकार, मीच पोराला बिघडवलं. इथल्या मॅटिंगवर मागे सरून चालतं, पण आता नवा प्रांत, बाहेर गवताच्या खेळपट्ट्या, तिथे चेंडू खाली राहतो. पोरगा पहिल्याच सामन्यात उघडा पडेल आणि परत कोणी विचारणार नाही. माझं तो ऐकत नाही, हसतो. आपण एक जागा नरम करू. न सांगता. दोनदा दांडी गेली की पाय आपोआप पुढे येईल. जागा त्यानेच पावलं टाकून मोजली, गोल मी काढला. मग तो गेला. मला वाटलं, शेवटचा शब्द आहे त्याचा, आपण पाळावा. निवडीची जबाबदारीही माझीच होती."

"आणि सारं शहर बाबांना भूत म्हणत होतं, तेव्हा?" दौलतचा आवाज चिरकला. "तुम्ही चुप बसलात? मी रात्र रात्र त्यांची माफी मागत होतो!"

"अफवा उठली तेव्हा मला ती सोयीची वाटली. कोणी पहाटे इकडे फिरकत नव्हतं. दौलत, तुझी अशी दशा होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी पाय पाहत राहिलो, माणूस पाहिला नाही."

"रेल्वेच्या त्या पोराला पुन्हा डाव द्यावा लागेल," भालचंद्र कोरडेपणाने म्हणाले. "आणि आजचा निर्णय तुम्ही करू नये."

रघुनाथरावांनी मान हलवली आणि वही नानांच्या हातात दिली. "मास्तर, ठिपके तुम्ही टाका. तुमचा डोळा खरा आहे."

मुकुंदरावांनी खड्डा बुजवायला माणसं बोलावली. तेव्हा दौलत पुढे आला. डोळे लाल होते, पण मान वर होती.

"राहू द्या. मॅटिंग असंच ताणा. और बोलर को बोल दो, तिथेच टाक म्हणावं."

मांत्रिक खिळा घेऊन निघून गेला.

तासाभराने धुकं उठलं आणि किल्ला पुन्हा आपल्या जागी दिसला. नाना मांडीवर वही घेऊन बसले होते, शेजारी धाकट्या रोलरपाशी दुर्गाबाई. त्यांनी आयुष्यभर मैदानाच्या कडेला राहून खेळ कधी समजून घेतला नव्हता. चौथा चेंडू नेमका त्या जागेकडे आला. थप. चेंडू सरपटला. पण दौलतचा उजवा पाय आधीच पुढे पडला होता, बॅट सरळ जमिनीला टेकली होती. ठक् असा आवाज झाला आणि चेंडू निमूटपणे बोलरकडे परत गेला.

नानांनी पेन्सिलीच्या गोलात ठिपका टाकला. तो जरा फुटला, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय झालं हो मास्तर?" दुर्गाबाईंनी विचारलं. "धाव झाली?"

"नाही बाई, धाव नाही झाली. कान्होजींनी सांगितलं होतं, पाय पुढे टाक. पोराने टाकला."

दुर्गाबाईंनी रोलरच्या दांड्यावर हात ठेवला आणि नवरा समोर उभा असावा तशा सहज आवाजात म्हणाल्या, "ऐकलं हो त्याने."