पल्याडचं कडवं

कंदील जरा बारीक कर रं, कुशाबा. इझवू नगं, बारीक कर.

तुमी भुताचं इचारताय. मला भूतबित काय ठावं न्हाई. पन माझा सासरा, धुळा, त्याच्यासंगं जे झालं तेवढं सांगतो. उभ्या जल्मात त्यानं ते मला एकदाच सांगितलं, ते बी मी लई मागं लागलो तवा. खोटं बोलायचा त्याचा पिंडच न्हवता. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

साल सत्तावीस. धरनाची भिंत पुरी झालेली, आन् खोऱ्यात पयल्यांदाच पानी चढत व्हतं. भादव्यातली वद्य दशमी. दुसऱ्या दिशी एकादशीला धुळ्याच्या बापाला, जोतिबाला, वरीस भरनार व्हतं.

आता आमच्या वाडीची रीत ऐका. वरीस भरलं की राती ढोल मांडून मेलेल्याच्या नावानं गानं म्हनत्यात. मेंढका कळप घिऊन नदी उतरतो, त्याचं गानं. एकानं धरायचं, बाकीच्यांनी मागनं झेलायचं, म्हंजे तीच वळ परत म्हनायची. मेंढका पल्याड लागला की गानं संपलं, आन् मानूस बी पोचला. मधीच तुटलं तर मानूस पान्यातच उभा ऱ्हातो. जोतिबा वाडीचा म्होरक्या गानारा. शेवटचं कडवं हरएक म्होरक्याचं आपलं आपलं असतं, आन् त्याच्या वरीसाला तेच लागतं. ते दुसऱ्याला द्यायचं तर मागं बसून, खांद्यावर हात ठिवून द्यायचं. घेनाऱ्यानं ते पुरं हुईस्तवर उठायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई.

आन् धुळ्यानं ते कदी घेतलंच न्हाई. बाप लेकात वाकडं आलेलं. धुळा धरनाच्या भिंतीवर दगड वाहायला गेला, रोजानं. जोतिबा म्हनला, "ज्या पान्यात आपली चराई बुडनार त्याचीच भिंत बांधतुयास, आता माझ्या म्होरं येऊ नगंस." धुळा बी हट्टी. बाप मेला तवा ह्यो भिंतीवरच व्हता.

तर त्या दशमीला आई, अंबाबाई, म्हनली, "समद्यास्नी गानं येतंय ते पानी कमरंला लागंस्तवर. फुडचं कुनाला न्हाई. सावळातात्या जल्मभर त्यांच्या मागं झेलायला बसला. त्याला ठावं असंल."

"तात्या हाय कुटं पन? खालचं गाव तर उठलं."

"तो उठला न्हाई म्हनत्यात. जा बाबा. त्यास्नी पान्यात ठेवू नगंस."

ती येवढंच बोलली. धुळ्यानं घोंगडी अंगावर घेतली आन् निगाला.

खालच्या गावात पोचला तवा अंधार दाटलेला. दारं न्हाईत, खिडक्या न्हाईत. लोकांनी जे निगंल ते काढून नेलेलं. पानी देवळाच्या पायरीपतोर आलेलं, आन् आवाज म्हंजे निस्ता त्याचाच. कुत्रं बी न्हाई. धुळा भित्रा न्हवता. पन त्यानं मला सांगितलं, "जावईबापू, मला वाटलं परत फिरावं. मग आईचा चेहरा दिसला."

सावळ्याचं घर पान्यापासनं जवळच. धुळा उंबऱ्यात उभा ऱ्हायला. आत दिवा न्हवता. चुलीपाशी कुनीतरी बसलेलं, पाठमोरं, घोंगडी डोक्यावरनं घेतलेली.

"तात्या, मी धुळा. जोतिबाचा."

धुळ्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला.

"उद्या बापाचं, दादाचं वरीस हाय. शेवटचं कडवं पायजे. तुमाला येतंय न्हवं?"

आवाज आला. घोगरा, घशात पानी असल्यागत.

"तू धर. मी झेलतो."

धुळ्याला त्यात काय वावगं वाटलं न्हाई. झेलनारा कदी आधी धरत न्हाई, ही रीतच. तो उंबऱ्याच्या आत बसला, कानावर हात ठिवला आन् धरलं. "मेंढका निगाला गा, नदीच्या उताराला..." म्होरनं झेल आली. बराबर, ठेक्यात. मेंढका काठावर आला. कोकरू खांद्यावर घेतलं. पान्यात पाय घातला. गुडघं बुडालं. मग "पानी लागलं कमरंला..." आन् धुळा थांबला. फुडचं त्याला येत न्हवतं.

चुलीपासला मानूस उठला.

धुळ्याच्या बाजूनं, भिंतीला धरून, मागं गेला. मागं बसला. अन् धुळ्याच्या उजव्या खांद्यावर हात पडला.

झेलनाऱ्याला हे करायचा हक न्हाई, पोरांनो. हात म्होरक्याच ठिवतो. हे धुळ्याला ठावं व्हतं. तो बोलनार, तेवढ्यात मागनं गानं सुरू झालं. आता त्यात घोगरेपना न्हवता.

तो आवाज त्यानं पाळन्यात ऐकलेला. मेंढरामागं ऐकलेला. भांडताना ऐकलेला.

धुळ्यानं मान वळवली न्हाई. रीत म्हनून न्हवं. वळंनाच.

आन् मग पायाला गार लागलं. पानी उंबरा वलांडून आत आलं व्हतं. घाटावर पाऊस झाला असंल, काय की. मागनं एक एक वळ येत व्हती, आन् धुळ्यानं ती झेलायची. एक चुकली की मागचा थांबायचा... परत तीच म्हनायचा. पानी मांडीला आलं. उठावं तर गानं तुटनार, बाप पान्यात ऱ्हानार. बसावं तर...

ते पानी त्याच्याच भिंतीनं अडवलेलं.

पानी कमरंला लागलं. खांद्यावरचा हात जड झाला. दाबतोय का धरून ठेवतोय, कळंना. धुळा रडत व्हता, आन् झेलत व्हता. "दादा," म्हनला, "चुकलं माझं." गानं थांबलं न्हाई. पानी छातीला आलं.

"मेंढका पल्याड लागला गा... पोरा, दार लावून घे."

धुळ्यानं झेललं.

हात उचलला गेला.

मग काय न्हाई... निस्तं पानी.

धुळा कसा भाईर आला ते त्याला सांगता आलं न्हाई. उजाडताना वाडीच्या वर, खडकावर बसलेला सापडला. व्हट हालत व्हतं. शेवटचं कडवं तो सारखं म्हनत व्हता, इसरंल म्हनून.

एकादशीला दिवेलागनीला लोक जमलं. ढोल मांडला. तेवढ्यात काठी टेकत सावळातात्या आला. धुळा जाऊन पाया पडला. "तात्या, कालच्या राती लई उपकार केलंत."

"कालच्या राती?" तात्या म्हनला. "आरं, मी चैतापासनं माले गावात लेकीकडं हाय. घराचं आढं, वासं समदं काढून नेलंय. तितं छप्परच न्हाई."



"मंग ते कडवं..." धुळ्यानं इचारलं.

"कडवं मला कुटं येतंय? जोतिबानं कुनालाच दिलं न्हाई. मी मागितलं व्हतं एकदा. म्हनला, पोरगं परत आलं की त्याला द्यायचंय."

त्या राती धुळ्यानं गानं धरलं. समद्यांनी झेललं. मेंढका पल्याड लागला. अंबाबाई उठली आन् आपल्या हातानं दार लावून घेतलं. बाई वरीसभरात पयल्यांदा निजली म्हनत्यात.

आता येवढंच ऱ्हायलं. जोतिबाच्या उजव्या हाताला करंगळी न्हवती. तरनेपनी लांडग्याच्या तोंडातनं कोकरू वडताना गेलेली.

दुसऱ्या दिशी अंबाबाईनं धुळ्याची घोंगडी उनात टाकली. कडक ऊन पडलेलं. सांजपतोर घोंगडी खडखडीत वाळली. उजव्या खांद्यावरची जागा तेवढी वल्ली ऱ्हायली. अंबाबाईनं त्या वल्ल्या जागंवर आपला हात ठिवून बघितला. तळवा व्हता, अंगठा व्हता, बोटं व्हती. तिच्या करंगळीखाली मातर घोंगडी वाळलेली व्हती.