उस्तादांचा बोंबलणारा रेडिओ

"बॅगा भरा! उद्या पहिल्या गाडीनं घरी!" मावशीनं टिकली आणि ढब्बूला फर्मान सोडलं.

सुटी अजून अर्धी उरली होती. पण मावशीच्या फ्रिजदुरुस्तीच्या कारखान्यातून गेलेली गॅसची टाकी पुन्हा रिकामी निघाली होती. जुन्या फ्रिजमधला गॅस मशीननं ओढून टाकीत भरायचा आणि टाकी सरकारी केंद्रात जमा करायची, असा नियम. आता आणखी एक रिकामी गेली की कारखान्याला टाळं!

"ह्या कार्ट्यांनीच टाकीचा कॉक उघडून गॅस सोडला," मेकॅनिक उस्ताद शांतपणे म्हणाले. खोटं बोलताना ते नेहमीच शांत असत.

"हातसुद्धा लावला नाही आम्ही!" टिकली कडाडली.

"चोर कधी हो म्हणतो का?" उस्ताद मागच्या शेडमध्ये निघून गेले. लगेच रेडिओ बोंबलू लागला.

टिकलीनं धाकट्या भावाचा कान धरला. "ढब्बू, उस्तादांनी फ्रिज दुरुस्तीला घेतला की रेडिओ मोठा का होतो रे?"

"गाणी आवडत असतील."

"हवामानाचा अंदाज चाललाय, गाढवा!"

दोघं शेडमध्ये सरपटत शिरले. उस्ताद फ्रिजमागे वाकले होते. गॅस ओढायचं मशीन कोपऱ्यात होतं. त्याच्या नळीत कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं.

"ह्यानं तर भाडेकरू ठेवलाय!" ढब्बू कुजबुजला.

"मावशीला आण. काहीही थाप मार!"

"मावशी, उंदीर!"

मावशी झाडू परजत आली. टिकलीनं रेडिओचा प्लग उपटला. शेड चिडीचूप. आणि त्या शांततेत...

फुस्स्स्स!

"मशीन बंद, मग हा आवाज कसला?" मावशीनं डोळे बारीक केले.

"मशीनला फार वेळ लागतो, ताई. थोडा गॅस गेला वर, तर बिघडलं काय? आभाळ काय लहान आहे?"

"वर ओझोनचा थर आहे!" टिकली उसळली. "उन्हातले घातक किरण तो अडवतो. हा गॅस त्यालाच कुरतडतो. मग कातडीचे रोग, डोळ्यांत मोतीबिंदू, पिकांची नासाडी!"

"एवढ्याशा फुस्सनं?"

"तुम्ही एकटेच थोडे आहात? असे शहाणे जगभर आहेत!"

मावशीनं झाडू मशीनकडे रोखला. "उस्ताद, आधी त्या कोळ्याला दुसरी जागा बघा. मग मशीन लावा. टाकी भरेपर्यंत रेडिओ माझ्या ताब्यात."

मग ती मुलांकडे वळली. "आणि तुम्ही! मोठ्यांच्या तोंडी लागता, प्लग उपटता, उंदराच्या थापा मारता..."

ढब्बू टिकलीमागे लपला.

"...आणि माझा कारखाना वाचवता! शाबास! बघता काय? बॅगा रिकाम्या करा!"