तिसऱ्या रांगेतला हात

आठ महिने एक पत्र माझ्या टेबलावरच्या शब्दकोशात पडून होतं. मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न— 'खरं सांगा, त्या दिवशी तुम्ही गाणं ऐकत होतात, की मला बघत होतात?'

ऐकत होतो म्हणावं, तर ते खोटं. बघत होतो म्हणावं, तर लेखणीही जाते आणि अब्रूही.

सत्यशीलाबाईंची नि माझी पहिली गाठ पडली ती गाण्याच्या एका बैठकीत, मध्यंतराच्या चहापाशी. गर्दीत धक्का लागला आणि त्यांचा आल्याचा चहा माझ्या वहीवर सांडला.

"अगंबाई! तुमचं परीक्षण भिजलं."

"अजून लिहिलं नव्हतं."

"मग गायक वाचला म्हणायचा," त्या म्हणाल्या आणि पदराने वही टिपू लागल्या.

एकाहत्तराव्या वर्षी माणसाच्या कानाच्या पाळ्या तापू नयेत. माझ्या तापल्या... पण लगेच शंकाही आली. मी चाळीस वर्षं एका दैनिकात गाण्यावर लिहितो. रविवारी मी लिहायचं आणि सोमवारी लोकांनी ते स्वतःचं मत म्हणून सांगायचं, अशी इथली रीत. त्यामुळे माझ्याशी गोड बोलणाऱ्याचा भाचा बहुधा गात असतो.

"घरात कुणी गातं का?" मी विचारलं.

"फक्त कुकर. मी कात्रजला डेअरीत होते, तीस वर्षं दूध तपासलं. गाणं आपलं आवडतं म्हणून."

माझी एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. तीन वर्षांपासून वरचे स्वर माझ्या कानापर्यंत येईनासे झाले होते. कानाचं यंत्र आणलं होतं, पण ते खणात. यंत्र लावलेल्या समीक्षकाचं कोण वाचणार? मी कडेला भिंतीला टेकून बसायचो. तिथून तिसऱ्या रांगेतला सत्यशीलाबाईंचा हात दिसे. बोटं मांडीवर ताल धरत, नेमक्या जागी तळवा हलकेच पडे, मान डोले. मग मीही मान डोलावून "वा!" म्हणे, आणि माझ्यामागून सगळे. लोक माझ्या मानेवर चालत होते आणि मी सत्यशीलाबाईंच्या हातावर.

पुढे पुढे गाणं संपल्यावरही मी त्या हाताकडे बघत असे... हे कबूल करायला हवं.

मग ऋतुजा नावाच्या एका मुलीची बैठक झाली. त्या दिवशी तो हात शेवटपर्यंत गालाला टेकलेला. मी लिहिलं— 'तयारी आहे, पण गाणं कोरडं.' आठवड्याने पत्र आलं. 'माझी दाढ दुखत होती. मुलगी सुरेख गायली. तुमची नजर मात्र माझ्यावरून हलली नाही.' आणि खाली तो प्रश्न.

नक्कीच ह्यांना कुणीतरी पाठवलं आहे, असं मी ठरवून टाकलं. तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही, असंही ठरवलं. ते जमलं नाही.

परवाच्या बैठकीत त्यांचा तळवा पडला, मान डोलली. मी "वा!" म्हणालो. सगळे "वा!" म्हणाले. गायकाने खूश होऊन तीच जागा पुन्हा घेतली.

बाहेर चपला शोधताना त्या माझ्या डावीकडून आल्या आणि वळसा घालून उजवीकडे उभ्या राहिल्या. माझा उजवा कान त्यातल्या त्यात बरा. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"तिथे तो चक्क बेसूर झाला होता, रंगनाथराव. मी मुद्दाम मान डोलावली."

चप्पल माझ्या हातातच राहिली. "तुम्हाला... पाठवलंय कुणी?"

"दाढेने."

"ती ऋतुजा तुमची कोण लागते?"

"कुणी नाही. पुण्यात नुसतं चांगलं म्हणायलाही नातं लागतं वाटतं!" मग त्यांचं हसू मावळलं. "भेटून आले मी तिला. तुमचं वाचून तिच्या तीन बैठका रद्द झाल्या. खराडीला नोकरी धरलीय, गाणं सोडते म्हणते. अहो, मी तपासल्याशिवाय दुधाच्या एका कॅनवर सही केली नाही कधी. आणि तुम्ही?"

"मला ऐकू येत नाही," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच.

"ते केव्हाच कळलंय."

"मग पत्रात विचारलंत कशाला?"

"अर्धं उत्तर माहीत होतं." त्या चपलेत पाय सरकवत म्हणाल्या, "उरलेलं अर्धं लेखी हवंय."

काल यंत्र कानात घालून मी खराडीला गेलो. ऋतुजा दारातच म्हणाली, "काका, आता कशाला?" मी क्षमा मागितली आणि गा म्हणालो. तिने मला आत घेतलं. मग मोबाइलवर तंबोरा लावून गायली. कोरडं नव्हतं. मला चष्मा पुसावा लागला.

घरी येऊन आधी दैनिकासाठी लिहिलं, मग शब्दकोश उघडला.

'सत्यशीलाबाई, ऐकत नव्हतो, बघत होतो. आधी तालासाठी, नंतर ताल हे नुसतं निमित्त होतं. ऋतुजाचं गाणं न ऐकता लिहिलं होतं, हे रविवारी छापून येईल. ती सुरेख गाते, हेही. त्यानंतर माझ्या मानेला कुणी विचारणार नाही. तिसऱ्या रांगेत, तुमच्या डावीकडची जागा... मोकळी असते का?'

आज सकाळी कानात यंत्र घालूनच टपालपेटीपाशी उभा राहिलो. शंका काही जाईना— तीस वर्षं दूध तपासलेल्या बाईंनी मला नापास केलं तर? केलं तर केलं, तपासून तरी करतील.

पाकीट सोडलं. आत कुठेतरी तळाला ते टेकल्याचा आवाज आला. अगदी बारीक होता... पण आला.