बारा पन्नासचा भोंगा

दिवा राहू दे. गोष्टीला अंधार लागतो असं ज्यांना गोष्ट सांगता येत नाही ते म्हणतात.

ही माझ्या साडूची गोष्ट. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो यंत्रांची वेळापत्रकं लिहायचा, मी तिथंच कारकून. वेळापत्रक म्हणजे एक ओळ, पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पुढं काम लिहायचं. वेळ झाली की संगणक ते आपण होऊन करतो. रजेचा अर्जही देत नाही.

"काका, क्रॉन म्हणतात त्याला."

"म्हणत असतील. तुझा पगार त्यावर चालतो, माझी गोष्ट नाही."

तर, रोज रात्री बाराला कालव्याचं दार उघडायचं. त्याआधी दहा मिनिटं भोंगा, म्हणजे जाळी साफ करायला उतरलेला माणूस वर येईल. दार नवं बसवलं त्या दिवशी साडूनं दाराच्या ओळीत तास शून्य, मिनिट शून्य लिहिलं. भोंग्याच्या ओळीत मिनिट पन्नास केलं, तास शून्यच ठेवला. तेवीस हवा होता. पाणी सुटलं बाराला. भोंगा वाजला बारा पन्नासला.

सफाईवाला सकाळी जाळीशी सापडला.

चौकशी झाली. भोंगा सगळ्यांनी ऐकला होता, घड्याळ कुणीच पाहिलं नव्हतं. साडूनं गुपचूप ओळ सुधारली आणि जबाब दिला, भोंगा वेळेवर वाजला. 'मयताने दुर्लक्ष केले' हा अहवाल मीच टंकला. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. सफाईवाल्याची बायको माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाली, "ते बहिरे नव्हते हो, भाऊसाहेब."

पुढं साडूनं दोन्ही ओळींत तारीख तीस, महिना फेब्रुवारी घातला. ओळ खोडायची नाही आणि चालूही द्यायची नाही, तेव्हा त्या धंद्यात असं करतात. दार दिवसा हातानं उघडू लागले.

वर्षभरानं जाळी तुंबली. उतरायला कुणी तयार होईना. साहेब म्हणाले, "वेळापत्रक तुमचं, तर कालवाही तुमचाच."

अठ्ठावीस फेब्रुवारी, मंगळवार. रात्री साडेअकराला साडू टॉर्च घेऊन उतरला. कालवा कोरडा. जाळीत पाला, चिंध्या, एक चप्पल. तो ओढत बसला.

आणि भोंगा वाजला.

त्यानं घड्याळ पाहिलं. अकरा पन्नास.

शिडीकडे धावला. पाय सटकला. पुन्हा चढला... काठावर पडून राहिला. बाराला दार उघडलं. पाणी आलं. जाळीपर्यंत. जाळीच्या वर.

पहारेकरी आला. "साहेब, दार कुणी सोडलं?"

"भोंगा ऐकलास ना?"

"कसला भोंगा?"

...

"मग, काका?"

मग काय. सकाळी साडूनं जबाब बदलला. नोकरी गेली. अहवाल मी पुन्हा टंकला, यावेळी चुका राहिल्या. पण त्याआधी, त्या रात्री, तो घामानं ओल्या कपड्यांनी यंत्राच्या खोलीत गेला. खोलीला कुलूप होतं. किल्ली त्याच्याच खिशात. वेळापत्रक उघडलं. दोन्ही ओळी जशाच्या तशा, तीस फेब्रुवारी. खाली आणखी एक ओळ होती, त्यानं न लिहिलेली. यंत्र जी वाचत नाही, माणसानं माणसासाठी लिहून ठेवायची असते, तसली.

'ऐकू आलं का?'