घरामागचं पाणी

केळीचं पान हार्लेमच्या सुरिनामी दुकानात मिळालं, लिंबंही मिळाली. ताडाच्या पानाची कर्णफुलं मात्र वासंतीबाईंनी त्रिचीहूनच आणली होती, काळ्या मण्यांसकट, साडीच्या घडीत जपून.

वासंतीबाई म्हणजे उत्तराच्या सासूबाई. घराणं तंजावरी मराठी, तीन पिढ्या त्रिचीत, कावेरीच्या काठी. त्यांची मराठी इतकी जुनी, की पुण्याच्या उत्तरानं लग्नानंतरचं पहिलं वर्ष निम्मं अंदाजानंच काढलं. आता तिला सहावा महिना होता. मागच्या खेपेला पाचव्यातच सगळं संपलं होतं, म्हणून सासूबाई यंदा आधीच येऊन ठाण मांडून बसल्या होत्या. उत्तराला त्याचा आधारच वाटत होता.

आडी या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, त्रिचीत कावेरीला पोटुशी मानतात. बायका घाटावर जाऊन तिचे डोहाळे पुरवतात. लिंबाचा भात, नारळाचा भात, दहीभात नेतात आणि कर्णफुलं नि काळे मणी पाण्यात सोडतात.

"वाहतं पाणी हवं हो," वासंतीबाई म्हणाल्या. "नदी किती लांब?"

"वीस मिनिटं. माझे पाय बघा ना आई, केवढे सुजलेत. मागं कालवा आहे की! पाणी ते पाणी."

वासंतीबाई घुटमळल्या, पण त्यांना सुनेचं मन मोडवेना. भरलेलं पान त्यांनी कालव्यात सोडलं. ते जागचं हललं नाही. सकाळी पाहिलं, तर नव्हतं. "बदकं," उत्तराचा नवरा श्रीहर्ष म्हणाला आणि सायकल काढून ऑफिसला गेला.

दहा दिवसांनी आनेके आली. ही इथली डच सुईण, उत्तराचे पाय सुजतात म्हणून घरी यायची. तिनं पोटावर टेप धरली, मग पुन्हा धरली.

"मागच्या वेळी चोवीस सेंटिमीटर होतं. आज बावीस. बाळ हलतंय ना?"

"परवापर्यंत..." उत्तराला पुढं बोलवेना.

तातडीनं सोनोग्राफी झाली. ठोके होते. बाळ लहान आहे, आठवडाभर वाट पाहू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या खात्याचा माणूस मोजायची काठी घेऊन मागच्या अंगणात आला. इथं कालव्याची पातळी बोटभरही हलू देत नाहीत.

"गंमत आहे," तो म्हणाला. "सगळीकडे बरोबर. फक्त तुमच्या घरामागं चार सेंटिमीटर वर. पाणी असं फुगून राहत नाही कधी."

तो गेला. वासंतीबाई दारातच उभ्या होत्या.

"उत्तरा... आपण जिचे डोहाळे पुरवले, ती या पाण्यातली पोटुशी नव्हती ग. आता झाली."

"कुणाच्या जिवावर?"

उत्तराला संताप आला, जास्त स्वतःचाच. नदीपर्यंत रिक्षा नाही तर टॅक्सी तरी होती की! ती तशीच उठली, काठावर जाऊन बसली आणि दोन्ही हात पाण्यात घातले. पाणी कोमट होतं, अंगाइतकं.

"माझं मला परत दे," ती म्हणाली. "सगळंच्या सगळं दे. इथं काही ठेवू नकोस."

सकाळी तो काठीवाला पुन्हा आला. पाणी चार सेंटिमीटर उतरलं होतं. त्यानं खांदे उडवले आणि नोंद करून गेला.

आठवड्यानं आनेकेनं टेप धरली. "सव्वीस! अगदी हवं तेवढं." उत्तराला रडूच फुटलं. वासंतीबाईंनी तिच्यावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली.

मग आनेकेनं ठोके ऐकायचं छोटं यंत्र पोटावर ठेवलं. वाहत्या पाण्यासारखा आवाज आला. "हा वारेतल्या रक्ताचा, असतोच," असं सांगून ती ठोके शोधू लागली. डावीकडे शोधले, उजवीकडे शोधले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"एका कुशीला वळलं असेल... आपण हॉस्पिटलात जाऊ या," ती म्हणाली. तिनं यंत्र बंद केलं, बॅगेत ठेवलं आणि चेन ओढली.

आवाज चालूच राहिला.

आनेकेनं खिडकीबाहेर पाहिलं. कालवा निश्चल होता. वासंतीबाई मात्र खिडकीकडे वळल्याही नाहीत. हा आवाज त्यांनी घाटावर जन्मभर ऐकला होता. त्या उठल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि उत्तराच्या पोटासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"आई, असं काय करताय? मी आहे ना... उत्तरा."

वासंतीबाईंनी वर तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.